शिवनेरीवरचं शेकरू

माझा लग्नाचा बायोडाटा थोरल्या मामानं लिहिला. उंची, रास, नाडी, देवक, मामेकुळी हे सगळं भरून झाल्यावर खाली 'इतर कला' असा एक रकाना उरला. आई म्हणाली, "रांगोळी लिही." मामा म्हणाला, "रांगोळी सगळ्याच लिहितात." मग मी आतून ओरडले, "कॉलेजचं मॅगझिन डिझाईन केलंय, ते लिही." मामानं लिहिलं, पण मधला स्वल्पविराम गाळला. त्यामुळे पुढची दोन वर्षं 'रांगोळी मॅगझिन डिझाईन' या कलेत पारंगत असलेली मुलगी म्हणून माझा कागद मंचरपासून ओतूरपर्यंत फिरत होता.

बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय येतं?"

मी सांगायला लागले. मांडणी, समास, मथळ्याचा टाइप. त्यांनी मध्येच थांबवलं.

"दशक्रियेचा फ्लेक्स येईल का?"

"येईल."

"अर्जंट?"

यांच्या घरी कोण अंथरुणावर आहे, ही काळजी आईच्या तोंडावर स्पष्ट दिसली. ते स्थळ पुढे सरकलं नाही. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. खरंच, नक्की काय येतं मला?

मॅगझिनची गोष्ट २०१६-१७ सालची. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तिथले निम्मे सर अजून बाजारात कोथिंबीर घेताना भेटतात. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतली पोरं एसटीला लोंबकळून तिथे येत. कॉलेजचं नियतकालिक दरवर्षी निघायचं, म्हणजे निघायला हवं असायचं. त्या वर्षी मराठीच्या सरांनी वर्गात विचारलं, "अक्षर कोणाचं चांगलंय?" फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे, म्हणून सगळी बोटं माझ्याकडे वळली. "मग डिझाईन तू कर," सर म्हणाले. अक्षर चांगलं त्याअर्थी डिझाईन येणारच, हा न्याय मला इतका पटला की घरी जाऊन पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

संपादक मंडळ अकरा जणांचं. त्यातले नऊजण फक्त मंडळाच्या फोटोला आले. दहावा फोटो काढत होता, म्हणून तो फोटोत नाही. अकरावी मी. मी फोटोत आहे, पण ऐन वेळी माझ्यापुढे उपप्राचार्य येऊन उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर जे कानातलं दिसतं, ते माझं.

साहित्य मात्र धो धो आलं. आईवर नऊ कविता, बापावर चार. बिबट्यावर तीन लेख आणि शिवनेरीवर सात. शिवनेरीचे सहा लेख १९ फेब्रुवारी १६३० या तारखेपासून सुरू होत होते. सातव्याला तारीख चालत नव्हती. त्याला तिथी हवी होती, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, आणि ती छापणार नसाल तर लेख परत द्या, असं तो म्हणाला. म्हणताना एकटा नव्हता. बाहेर सहा मोटारसायकली उभ्या होत्या. मी सगळ्या लेखांत तारीख आणि तिथी दोन्ही घातल्या. तारीख ठळक टाइपात, तिथी तिरप्या टाइपात. तारीखवाल्यांना ठळक दिसल्याबरोबर समाधान झालं. तिथीवाल्यांना मी सांगितलं, "खास असतं ते तिरपं छापतात." तेही खूश होऊन गेले. टायपोग्राफी कशाशी खातात हे मला त्या दिवशी कळलं.

बिबट्याच्या लेखासोबत एक फोटो होता. फोटोत ऊस होता. मी त्या मुलाला विचारलं, "यात बिबट्या कुठाय?" तो म्हणाला, "आत." आमच्याकडे या उत्तरावर कोणी हसत नाही. बिबट्याच्या धास्तीनं रात्री पाणी द्यायला जाणारा माणूस मोबाईलवर गाणी लावून बांधावरून चालतो, आणि माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते काही हौस म्हणून नाही. तेव्हा फोटो छापणं भाग होतं. ओळ मी लिहिली : 'छायाचित्रात दिसत नसला तरी बिबट्या उसात आहे.' अख्ख्या अंकात वाचकांनी पत्र पाठवून कौतुक केलेली माझी ही एकच ओळ.

आणखी एक कागद आला होता. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका महादेव कोळी मुलानं हिरड्यावर लिहिलेला, दीड पान. झाडावर कोणी चढायचं, बाळहिरडा कधी झोडायचा, उन्हात किती दिवस वाळवायचा, वाळला की ओल्याचं वजन कसं उतरतं आणि वजन उतरलं की घरातल्यांची तोंडं कशी उतरतात. त्यात आई होती, पण 'आई' हा शब्द एकदाच आला होता, आणि तोही ती झाडाखाली फडकं धरून उभी आहे एवढं सांगायला. तो लेख कुठे घालायचा याच्यावर माझी सरांशी पहिली कुरबुर झाली. सर म्हणाले, "छोटा आहे, मागे कुठेतरी पूरक म्हणून टाक." मी मान हलवली आणि तो पान सातवर नेला. सातव्या पानावर एका पतसंस्थेच्या शुभेच्छा होत्या. त्या मागे पूरक म्हणून टाकल्या.

मग सुरू झाला छापखाना. महामार्गालगतच्या एका गाळ्यात अर्ध्या भागात छपाई, अर्ध्यात फ्लेक्स. कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला सगळे भाऊ म्हणायचे. भाऊंच्या कीबोर्डवरची अक्षरं कधीच पुसून गेली होती आणि 'क' च्या बटणावर चुना वाळलेला होता. पण डोळे मिटून ते श्रीलिपीत मिनिटाला किती शब्द बडवतील याला सुमार नव्हता. एरवी त्यांनी माझ्यासारखीला उभंही केलं नसतं. पण बैलगाडा शर्यतींवर २०१४ सालापासून बंदी होती. घाट ओस, गाडे गोठ्यात, आणि शर्यतीच्या फ्लेक्सचं काम थंड. "बैल बसलेत म्हणून तुझ्या कविता लावतोय, ताई," भाऊ म्हणाले. मराठी साहित्याला असाही राजाश्रय मिळतो.

पोरांनी मजकूर मोबाईलवर टाइप करून पाठवलेला, म्हणजे युनिकोड. भाऊंचं सगळं राज्य जुन्या फॉन्टचं. इकडचं तिकडे चिकटवलं की 'माझी आई' च्या जागी चौकोन, डॉलर, उद्गारचिन्हं आणि एक उलटा प्रश्न अशी रांग उभी राहायची. नऊपैकी एक कविता तशीच पहिल्या प्रुफात गेली आणि सरांनी त्यावर 'नवकविता?' असा शेरा मारला. मंगल नावाचा जो फॉन्ट तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरवर असायचा, तो र. कृ. जोशींनी केलेला. ते स्वतः कवी आणि सुलेखनकार. त्या फॉन्टात पोरांच्या चारोळ्या छापून समोर आल्या की मला उगाच त्यांच्यासमोर उभं राहून माफी मागावीशी वाटायची.

खरा गोंधळ दाऱ्या घाटानं घातला. आंबोलीवरून ढाकोबाच्या बाजूनं मुरबाडकडे उतरणारी ही जुनी वाट. एका ट्रेकवाल्या मुलानं तिच्यावर छान पाच पानं लिहिली होती. मजकूर एका फॉन्टातून दुसऱ्यात गेला आणि मराठीचा तो अर्ध्या चंद्रासारखा 'र' वाटेत कोसळला. दाऱ्याचा 'दार्या' झाला, दऱ्याखोऱ्यांचं 'दर्याखोर्या' झालं आणि कोवळ्या वाऱ्याचं जे झालं ते वाचवत नव्हतं. मराठीचे सर स्वतः छापखान्यात आले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अहो भाऊ, दर्या म्हणजे समुद्र. तुम्ही सह्याद्रीत समुद्र आणलात."

भाऊंनी मान न वळवता उत्तर दिलं, "सर, घाट कोकणातच उतरतोय ना? मग पुढं दर्या लागणारच."

त्याच बैठकीत सरांना 'ल' दिसला. शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठी ल आणि श कसे काढायचे ते ठरवून दिलंय, आणि आमच्या मथळ्यांत हिंदी वळणाचा ल घुसलाय, असं सर म्हणाले. भाऊंना शासन निर्णय म्हटलं की फक्त अनुदान आठवत असे. ते म्हणाले, "ल बदलायला काही मिळतं का?" काही मिळत नव्हतं. शेवटी मथळ्यांतले एकशेचार ल मी एकेक करून बदलले. त्या आठवड्यात मला जेवणाच्या ताटातली जिलबीसुद्धा वळण तपासून खावीशी वाटायची.

मग पानांचा हिशेब आला. छपाईत सोळा पानांचा एक फॉर्म असतो. पाच फॉर्म म्हणजे ८० पानं, सहा म्हणजे ९६. आमची भरली ८३. तीन पानं कापा, नाहीतर तेरा पानं वाढवा. कोणाची कविता कापली तरी तिची आई छापखान्यात येण्याचा संभव होता. मी सगळा मजकूर पुढे घेऊन बसले आणि एकही लेख न काढता फक्त 'आजच्या धकाधकीच्या, स्पर्धेच्या आणि संगणकाच्या युगात' हे शब्द सगळीकडून उचकटले. सव्वा पान मोकळं झालं. मग 'असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही' काढलं, आणखी अर्धं पान. उरलेलं सव्वा पान पाहुण्यांच्या भाषणांतून निघालं. त्यातून टाळ्या काढल्या.

वाचवलेली जागा टिकवणं त्याहून अवघड होतं. मला कवितेच्या आजूबाजूला जरा मोकळं पान हवं होतं. सरांना मोकळं पान दिसलं की जीव खालीवर व्हायचा. त्यांचा दोष नाही. आमच्याकडे मोकळी जागा म्हणजे कोणीतरी हक्क सांगायची वाट बघणारी जागा. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, गायरानात मेख ठोकतात, तसं कवितेशेजारी सर सुविचार टाकायचे. सकाळी मी मोकळं सोडलेलं पान संध्याकाळी 'वाचाल तर वाचाल' नं बळकावलेलं असे. मी काढायचे, ते टाकायचे. शेवटी मी भाऊंकडून त्या मोकळ्या जागेत इतकी फिकट नक्षी टाकून घेतली की छापल्यावर ती दिसणारच नव्हती. सर म्हणाले, "आता कसं भरल्यासारखं वाटतंय."

हे सगळं एका पारड्यात आणि फोटोंचं पान दुसऱ्या पारड्यात. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची ४५ मीटर व्यासाची अँटेना मी साडेतीन सेंटिमीटरांत बसवली होती. तिनं हूं की चूं केलं नाही. पण संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा फोटो शेजारच्यापेक्षा दोन मिलिमीटर अरुंद आला आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये माझ्यासाठी खुर्ची मागवली गेली. उभं राहून ऐकण्यासारखं ते नव्हतं.

भाऊंनी मला या शास्त्राची बाराखडी शिकवली. गावजत्रेच्या फ्लेक्सवर आयुष्य गेलेला माणूस तो. सर्वांत वर दैवतं, ती कापायची नाहीत. मग स्वर्गवासी. ते मोठे चालतात, कारण त्यांचा कोणाला राग येत नाही. मग आजी, मग माजी. माजींना हार घातलेला फोटो चुकूनही वापरायचा नाही. खालच्या पट्टीत कार्यकर्ते, सगळे एकाच आकाराचे, सगळ्यांचे गॉगल शाबूत. "फोटोचा आकार कधी सांगायचा नाही," भाऊ म्हणायचे. "विचारलं तर म्हणायचं, पानात तुम्ही एकटेच उठून दिसताय. प्रत्येकाला एकेकटं गाठून म्हणायचं."

मला वाटायचं, हे सगळं फ्लेक्सच्या मशिनीबरोबर आलंय. मग आमची एक दिवसाची सहल नाणेघाटात गेली. लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली. इतिहासाचे सर वाचून दाखवत होते. पहिला सिमुक सातवाहन, राज्याचा संस्थापक. मग नागनिका राणी आणि सातकर्णी राजा. मग कुमार भाय, मग एक महारठी, मग आणखी दोन कुमार. मी भिंतीसमोर गारच पडले. संस्थापक, विद्यमान, पाहुणे, चिरंजीव! दोन हजार वर्षांपूर्वीचं आमचंच फोटोंचं पान. आणि शेजारच्या भिंतींवर कोणता यज्ञ केला, किती गाई, किती हत्ती, किती कार्षापणं दिली, सगळं आकड्यांनिशी. देशातल्या फार जुन्या आकड्यांत ते आकडे मोजतात म्हणे. म्हणजे वार्षिक अहवालही होताच. फक्त एक फरक. त्यांनी दगडात कोरलं होतं, म्हणून शेवटच्या क्षणी कोणाचा फोटो आत घुसवता आला नसणार.

मोठं काय आणि बारीक काय करायचं, हे मात्र मी भाऊंकडून शिकले नाही. भाऊ सगळंच मोठं करायचे, आणि कमी पडलं तर अक्षरांना तीन रंगांची कड द्यायचे. ते मी नारायणगावात शिकले. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात, आणि प्रत्येक राहुटीपुढे फलक. रस्त्यावरच्या एसटीतून पळता पळता वाचता यायला हवा, एवढीच त्याला अट. एक नाव हत्तीएवढं, बाकी सगळी मंडळी मुंगीएवढी. विठाबाईंच्या गावात हे कोणाला शिकवावं लागत नाही. मी गाडीतून उतरून अर्धा तास ते फलक बघत उभी राहिले. ओळखीच्या एका काकांनी ते पाहिलं आणि मी पोचायच्या आत घरी फोन पोचला. आईला टायपोग्राफी समजावण्यात तो आठवडा गेला.

मुखपृष्ठ शेवटी आलं, आणि दोन तालुके समोरासमोर आले. जुन्नरकरांना शिवनेरी हवी. आंबेगावकर म्हणाले, दरवर्षी शिवनेरीच का? आमचं काय? आता आंबेगावचं चित्र काढायचं तर कशाचं? ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला. नाव एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे, आमच्या अनुक्रमणिकेसारखं. शेवटी भीमाशंकरच्या जंगलातलं शेकरू ठरलं. राज्यप्राणी आहे, देखणं आहे, त्याला पक्ष नाही. भाऊंनी शिवनेरी घेतली, शेकरू घेतलं आणि तोडगा म्हणून एकावर दुसरं बसवलं. शेकरू गडाच्या दीडपट झालं. ते कडेलोटाच्या टोकावर शेपूट सोडून बसलेलं, आणि खाली जुन्नर शहर त्याच्या एका हिरड्याएवढं. जीवशास्त्राच्या बाईंनी विचारलं, "हे गडावर कधी येतं?" सर म्हणाले, "प्रतीकात्मक आहे." अंकातल्या प्रत्येक चुकीला पुढे हेच उत्तर मिळालं.

एके काळी जुन्नरचा हातकागद नावाजलेला होता. पेशव्यांच्या दप्तरात जुन्नरी कागद असे. आमचा अंक मात्र पुण्याहून आलेल्या सत्तर जीएसएमच्या कागदावर निघाला. स्क्रीनवर हिरवंगार दिसलेलं जंगल कागदावर शेवाळलं, आणि प्राचार्यांच्या फोटोत लाल रंग चढल्यामुळे ते 'प्राचार्यांचे मनोगत' लिहिताना लाजले आहेत असं वाटत होतं. त्यांनी अंक बराच वेळ उलटापालटा केला. म्हणाले, "माझा रंग जरा उजळलाय." मी म्हटलं, "सर, पानात तुम्ही एकटेच उठून दिसताय."

हिरड्यावाल्या मुलानं दोन प्रती नेल्या. एक घरी आणि एक, म्हणाला, हिरडा घेणाऱ्या व्यापाऱ्याला देणार आहे, वजनाचं वाचू दे त्याला.

माझं लग्न २०२२ च्या मे महिन्यात ठरलं. पत्रिका छापायला अर्थात भाऊंकडे गेले. गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही. आदल्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिलेली. घाटाघाटांतून भिर्रर्र सुरू झालेलं, आणि सात वर्षं तुंबलेला सगळ्यांचा उत्साह फ्लेक्सवर सांडत होता. भाऊंनी वर पाहिलंसुद्धा नाही. एका बैलाच्या शिंगांना सोनेरी कड देता देता शेजारच्या मशिनीकडे हनुवटी उडवली. "बस तूच. तुला सगळं येतं."

बसले. आमच्याकडची लग्नपत्रिका म्हणजे नियतकालिकच असतं. वर कुलदैवतं, मग स्वर्गवासी आशीर्वाद देणारे, मग निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, दोन्हीकडचे मामा, आजीमाजी सरपंच, आणि शेवटी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. एकशे अठरा नावं. एकही काका शेजारच्या काकापेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं मोठा नाही. सासरच्यांकडून कोणी विचारलं तर काय सांगायचं, तेही तयार. नवरदेवाचं नाव ठळक, माझं तिरपं. खास असतं ते तिरपं छापतात.

छपाईला द्यायच्या दहा मिनिटं आधी बाबांचा फोन आला. आळेफाट्याकडचे एक चुलतचुलते राहिले होते. गेल्या वर्षीच वाटणीवरून रुसलेले, आणि नाव नसेल तर आयुष्यात उंबरा न चढणारे. मी पत्रिका वरपासून खालपर्यंत पाहिली. दैवतं हलवता येत नव्हती. स्वर्गवासींना धक्का लावायचा नव्हता. सगळ्या ओळी खेटून बसलेल्या, नखही शिरत नव्हतं. अगदी तळाला, बारीक अक्षरांत, एक ओळ होती. बरोबर एका चुलत्याच्या मापाची. मी ती निवडली, पुसली आणि तिथे चुलते बसवले.

ती ओळ होती 'कृपया आहेर आणू नयेत.'

अकरा भिंतीवरची घड्याळं आली. त्यातली आठ आम्ही पुढे दिली, दोन चालत नाहीत, आणि एक स्वयंपाकघरात आहे. त्याच्या तबकडीवर देणाऱ्याचा फोटो आहे, आकड्यांपेक्षा मोठा.